हीट नंबर

दुर्गादेवी स्ट्रीटवर आमचं दुकान, आठ फूट रुंद,
आत बोळासारखं लांबत गेलेलं.
डावीकडे मोनेल, उजवीकडे इनकोनेल,
हॅस्टेलॉय माळ्यावर, कुलपात,
आणि दाराशी साधं लोखंड
लग्नात चपला राखायला बसवलेल्या
गरीब नातेवाइकासारखं.

मी सर्टिफिकिटं टाइप करते.
निकेल अठ्ठावन्न, क्रोम एकवीस, मॉलिब्डेनम नऊ,
आणि रस कुठल्या भट्टीत, कुठल्या घाण्यात ओतला
त्याचा नंबर.
हा पाइप आम्लात उभा राहील,
हा खोल समुद्रात,
हा तिथे, जिथे पोलादही लाल होऊन मऊ पडतं.
मी यातलं काहीच पाहिलेलं नाही.
मी पाहिलेत विश्राम घाडी.

गोणपाटावर मांडी घालून,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अक्षरांचे पंच,
चार पावशेराचा हातोडा.
एका अक्षराला एक घाव.
दुसरा मारावा लागला
तर जेवताना गप्प असायचे.

ग्राइंडरला तुकडा टेकवून ठिणगी बघायचे.
साधं पोलाद उधळतं, फाटे फुटतात, बढाया मारतं.
निकेलवालं आखूड, तांबूस,
कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखं
विचारलं तेवढंच.

एकदा चाळीस एल्बो आले, बिननंबराचे.
पुखराजशेठ म्हणाले, जुन्या सर्टिफिकिटाचा नंबर मार,
माल तर तोच आहे.
मालही तोच होता, खोटं कशाला बोलू,
माझ्या गनने तीन सेकंदांत तसंच दाखवलं.
घाडी उठले, हातोडा डब्यात ठेवला:
“जेचो जल्म माका म्हायत नाय
तेच्यार मी नाव घालूचंय नाय.”
आणि चहा आणायला गेले.
पगारातून काय कापलं ते मला माहीत आहे,
व्हाउचर मीच टाइप केलं.
एल्बो अजून माळ्याखाली आहेत.

मग न्हाणीत पाय घसरला, खुबा गेला.
नायरमध्ये नवा बसवला.
डॉक्टरना त्यांनी विचारलं, हीट नंबर काय?
डॉक्टर हसले. भूल उतरलेली नाही, असं त्यांना वाटलं.
त्या खुब्यावर ते सहा वर्षं आले,
डावा पाय जरासा आधी टाकत.

चंदनवाडीत तिसऱ्या दिवशी राख सावडताना
दीनानाथच्या हाताला लागला:
मुठीएवढा गोळा, खाली दांडा,
नुसता काजळलेला.
“ह्या तुमच्या दुकानातलां काय?”
त्याने मला विचारलं, खरंच विचारलं.
अस्थी बाणगंगेला गेल्या.
हे कशाला पाण्यात टाकायचं,
समुद्राने याचं काय वाकडं होणार होतं.

मी तो ओढणीच्या टोकाने पुसला
आणि दुकानात कोणी नसताना गन लावली.
कोबाल्ट त्रेसष्ट. क्रोम अठ्ठावीस. मॉलिब्डेनम सहा.
तीन सेकंद.
नंबर असेल कधी कोरलेला, दिसला नाही.
मी भिंग घेऊन पाहिलं. मग खिडकीशी नेऊन पाहिलं.

शेठ म्हणाले, कोबाल्टला भाव चांगला आहे हल्ली,
आणि लगेच म्हणाले, माफ कर, जीभ आहे.

बिस्किटांचा डबा तिथेच होता.
याचा जन्म मला माहीत नव्हता,
पण सहा वर्षं तर माहीत होती,
रोज साडेनऊला, जिन्याचा चौथा दगड.
पंचांत मराठी अक्षरं नसतात.
मी व्ही उचलला, गोळ्यावर धरला,
एक घाव.

गुळगुळीत गोल, पंच सटकला.
गोळ्यावर ओरखडा, तोही उजेडात तिरका धरला तर.
बाकी सगळं माझ्या अंगठ्यावर.

नखाखाली निळं आहे अजून,
तापवलेल्या टायटॅनियमवर चढतं तसं.
टाइप करताना स्पेसबारला दुखतं.
दुसरा घाव मी मारला नाही.